वळणाचा तुकडा

माझ्या बापाला मी आयुष्यात दोनदा चारचौघांत शिव्या खाताना पाहिलं, आणि दोन्ही वेळा देणारा माणूस एकच होता. त्याला आज सगळं सोलापूर अध्यक्ष म्हणतं, म्हणून मीही इथं अध्यक्षच म्हणते. नाव घेणार नाही. इतकी वर्षं दात-ओठ खात मनातल्या मनात घेतलं, तेवढं पुष्कळ झालं.

मी मेंढरं राखणाऱ्याची लेक. आमची वस्ती होटगीच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळापासून हाकेच्या अंतरावर. थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यात ज्वारी, आणि पलीकडं नुसता माळ. बापाला आम्ही आबा म्हणायचो. आबा बोलायला कमी. मेंढरांशी जेवढं बोलायचे तेवढं आमच्याशीही बोलत नसत. उंच, काटक माणूस, डोक्याला लाल पटका. आईनं काही विचारलं की आधी आभाळाकडं बघायचे, मग "हूं" म्हणायचे, आणि त्या हूंचा अर्थ आईनंच लावायचा.

माळावर मोटारी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी शाळेत होते. शहरातल्या गॅरेजांमधली चार-पाच जणं रविवारी जुन्या जीपा घेऊन यायची आणि दोन बाभळींना वळसे घालत पळवायची. टप काढलेला, आरसे काढलेले, दारं दोरीनं बांधलेली. त्यांच्यातल्या एकाच्या घरचे ट्रक होते. तोच पुढं अध्यक्ष झाला. तेव्हा बारीक मिशा, गळ्यात रुमाल, आणि बोलणं असं की समोरचा जणू त्याच्या ट्रकवरचा क्लीनर. वळणावर आली की जीप भुसभुशीत मातीत रुतायची, नाहीतर घसरून बाभळीत जायची. म्हणून त्यानं घरच्या ट्रकमधून मुरूम आणून टाकला. अंड्यासारखा लांबट गोल आखला, टँकरनं पाणी मारलं, वरून रोलर फिरवला आणि वाळायला ठेवून निघून गेला.

उन्हाळ्याचे दिवस होते. संध्याकाळी आबा आणि मी कळप घेऊन परतत होतो, आणि मेंढरांना पाण्याचा वास लागला. तहानलेलं मेंढरू कुणाच्या बापाचं ऐकत नाही. सगळा कळप त्या ओल्या मुरमावर शिरला. वळणावर पाणी साचलं होतं, ते पीत इकडून तिकडं तुडवत राहिला. आम्ही ओरडून ओरडून दमलो. नेमका तेव्हाच तो सोबत्यांना जीपमध्ये घालून बघायला आला. त्यानं आबांना आईवरून घातलेल्या शिव्या मी इथं लिहीत नाही. लिहिण्यासारखं एवढंच की "मेंढक्या, डोळे फुटले का तुझे? अक्कल मेंढरांच्या पाठीवर टाकून हिंडतोस काय?" आबांनी हात जोडले. "चुकलं मालक, मुकं जनावर हाय," म्हणाले. मी कोकरू कडेवर घेऊन उभी होते. मला ओला मुरूम उचलून त्याच्या तोंडावर मारावासा वाटला. मारला असता तर बरं झालं असतं, पुढचं सगळं टळलं असतं.

पुढच्या रविवारी भलतंच झालं. नुसता रोलर फिरवलेला भाग जीपच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाच पापडासारखा फुटला. वरून कडक, आतून पोकळ. मेंढरांनी तुडवलेलं वळण तेवढं टिकलं. तिथली माती बारीक खुरांनी बुडापासून दाबत आणली होती. जीप त्या वळणावरून न घसरता फिरली. सगळे उतरून हात लावून बघायला लागले. यात कुणाची हुशारी नव्हती, आबांचीही नव्हती; चुकीतून निघालेली गोष्ट होती. त्याच संध्याकाळी तो आमच्या वस्तीवर आला. माफी-बिफी काही नाही. म्हणाला, "आबा, उद्या परत पाणी मारतो. मेंढरं घेऊन या." मेंढक्याचा एका आठवड्यात आबा झाला.

आणि आमचे आबा, देवमाणूस की काय म्हणतात ते, शिव्या विसरून गेले. आईला म्हणाले, "मोटारवाल्यास्नी माजी मेंढरं लागत्यात." असं त्यांनी तीन-चार वेळा म्हटलं. आई भाकरी थापत होती, तिनं वर बघितलं नाही. तिला शिव्या मी सांगितल्या होत्या.

त्या दिवसापासून ट्रॅक आमच्या मेंढरांनी बसवायचा, हे ठरूनच गेलं. ज्वारी निघाली, कडबा रचून झाला, की शर्यतींचे दिवस यायचे. आदल्या रात्री टँकर मुरूम भिजवून जायचा. सकाळी ऊन तापायच्या आत आबा कळप आत घालायचे. मेंढरांना गोल गोल फिरायचं कारण कळत नाही, ती बुजतात, मध्येच बसतात. म्हणून पुढं एक शेळी, तिच्या मागं आबा, आणि सगळ्यांच्या मागं माझा धाकटा भाऊ. दिवसभर फिरायचं. माती वाळत आली की थांबायचं, परत भिजवायचं, परत फिरायचं. संध्याकाळी आबांचे पाय सुजायचे. आई चुलीवर मिठाचं पाणी तापवून ठेवायची आणि तोंडानं त्या मोटारवाल्यांचा मुडदा बशिवत राहायची.

पण एक अडचण होती. दक्षिणेकडं माळ संपायचा, तिथं ओढा होता. गोल पुरा करायला जागाच नव्हती, गाड्या तिथं आवळून वळायच्या आणि एकमेकींना घासायच्या. ओढ्याच्या कडेला आमच्या रानाचा एक कोपरा होता. तो मिळाला तर वळण ऐसपैस होणार होतं. अध्यक्षानं तो मागितला आणि आबांनी दिला. कागद नाही, पत्र नाही. "घ्या," म्हणाले. आईनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिला म्हणाले, "आपलं रान कुटं जातंय, हितंच ऱ्हातंय की." त्या कोपऱ्यात चांगली ज्वारी यायची. त्या वर्षापासून तिथं मुरूम आला, आणि अख्ख्या ट्रॅकमधलं सगळ्यात चांगलं वळण म्हणून ते नावाजलं गेलं. कुणाच्या रानात आहे ते मात्र कुणी विचारलं नाही.

तिथं एक रीत पडली. गाड्या सुटायच्या आधी आबा त्या वळणावर जायचे आणि टाच रोवून बघायचे. एकदा इकडं, एकदा तिकडं. टाच आत गेली नाही की हात वर करायचे आणि म्हणायचे, "सोडा." मग झेंडा पडायचा. सुरुवातीला गंमत म्हणून झालं, पण पुढं गाडी चालवणारे आबांच्या हाताकडंच बघत बसायला लागले. विजापूर, लातूर, कोल्हापूरकडून लोक यायला लागले. गिरणीतून सुटलेले लोक सायकली टाकून बांधावर बसायचे. शेंगावाले, भजीवाले, उसाचा रस. एवढ्या माणसांसमोर माझा बाप हात वर करायचा आणि मगच इंजिनं गर्जायची. माझी छाती भरून यायची, एवढंच म्हणते.

लग्न होऊन मी शुक्रवार पेठेत आले. नवऱ्याचं सात रस्त्याजवळ दुकान, रिक्षांचे हूड आणि सीट कव्हर शिवायचं. मीही मशीनवर बसायला शिकले. सासरी मी नवी असताना एकच गोष्ट मिरवायची. सासूबाई माहेरचं काय काय विचारायच्या, सोनं किती, जमीन किती. मी म्हणायचे, "माझ्या बापाचा मोटारींचा ट्रॅक आहे." तसं नव्हतंच, मला माहीत होतं. पण अगदीच खोटंही नव्हतं. म्हणून त्या वर्षी शर्यती लागल्या तेव्हा मी हट्टानं नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन गेले.

त्या वर्षी कुणी मोठा पाहुणा यायचा होता. दोऱ्या बांधल्या होत्या, बिल्ले वाटले होते, मंडप होता, आणि पहिल्यांदाच भोंगे लावले होते. अध्यक्षाची तेव्हा नुकतीच कमिटी झाली होती आणि तो नुकताच अध्यक्ष झाला होता. पांढरा सफारी, हातात माईक. आबा धुतलेला पटका बांधून वळणावर आले. वळणाच्या आतल्या बाजूला थोडा ओलावा राहिला होता, म्हणून थोडी मेंढरं घेऊन शेवटची फेरी मारत होते. मी सासूबाईंना बोट करून दाखवत होते, ते बघा, ते आमचे आबा, आता हात वर करतील.

भोंग्यातून आवाज आला. "ए, कोण रे ते मेंढरंवालं? बाहेर काढा त्याला. लेंड्या टाकून घाण केली सगळी. हा काय जनावरांचा बाजार हाय काय?"

लोक हसले. मला वाटलं आबांना ऐकू आलं नसेल. पण भोंगा होता तो, होटगी स्टेशनपर्यंत गेला असेल. बिल्लेवाले दोघे धावत गेले आणि त्यांनी आबांच्या दंडाला धरलं. ओढताना पटका पडला. आबांनी तो उचलला, झटकला, बांधला मात्र नाही, काखेत धरला. मेंढरं गोळा केली. मेंढरं दोरीखालून गेली आणि त्यांच्यामागं आबाही वाकून दोरीखालून गेले. मग झेंडा पडला. टाच न बघता, हात वर न होता गाड्या सुटल्या, आणि कुणाचं काही अडलं नाही. सासूबाई मला म्हणाल्या, "हाच का गं तुझ्या बापाचा ट्रॅक?"

त्या क्षणी माझ्या पोटात जी आग पडली ती आजवर विझलेली नाही, आणि मला ती विझवायचीही नव्हती. लोक म्हणतात राग धरू नये, आपल्यालाच त्रास होतो. मला नाही झाला. मी त्या रागावर दोन लेकरं वाढवली, नवरा गेल्यावर दुकान चालवलं. मशीनवर बसून रेक्झिनमध्ये सुई घालताना हात दुखायला लागला की मला तो भोंगा आठवायचा आणि हात परत चालायला लागायचा.

आबा परत कधी ट्रॅककडं गेले नाहीत. मेंढरं चरायला न्यायची तर रुळाच्या पलीकडून लांबचा वळसा घालून न्यायचे. मी माहेरी गेले की भांडायचे. "आबा, जागा तुमची हाय. नांगर घाला त्या वळणावर, बघू कुठं मोटारी फिरवतोय ते." आबा आभाळाकडं बघायचे. एकदाच बोलले. "दिलेली जागा माघारी घेत न्हाईत, बाई." मी म्हटलं, तुम्हाला त्यानं कुत्र्यासारखं हाकललं. तर म्हणाले, "औंदा ट्रॅक कोण बसवतंय?" मी सांगितलं, रोलर आणलाय मोठा. त्यावर "हूं" म्हणाले आणि उठून गेले. त्या हूंचा अर्थ आईलाही लावता आला नाही.

आबांच्या मातीला तो आला नाही. माणूस पाठवला नाही. मला त्या दिवशी नेमकं कळलं की मला काय पाहिजे. मला त्याचा पैसा नको, त्याचं वाटोळं झालं तर उत्तम पण तेही नको. ज्या भोंग्यावरून त्यानं माझ्या बापाला बाहेर काढलं, त्याच भोंग्यावरून त्यानं बापाचं नाव घेऊन म्हणावं की हा ट्रॅक या माणसानं बसवला. एवढं एकच.

आमच्याकडं बाप गेला की लेकी भावाच्या नावानं हक्क सोडून देतात. सही करायची, साडी-चोळी घ्यायची आणि डोळे पुसत सासरी जायचं. माहेर टिकवायचं तर असंच करतात. मी सही केली नाही. मी म्हटलं, मला बाकी काही नको, वळणाचा तुकडा तेवढा माझ्या नावावर करा. पाहुण्यांनी तोंडात बोटं घातली. शहरात राहून हावरी झाली म्हणाले. त्या तुकड्यात कुसळही उगवत नव्हतं, मुरूम होता नुसता, पण हावरी तर हावरी. भावानं मात्र तुकडा देऊन टाकला. तो आबांवर गेलाय. मी कुणावर गेले माहीत नाही.

मग मी वाट बघितली. मोठ्या रोलरनं ट्रॅकचं व्हायचं ते झालं. दरवर्षी वरचा थर फुटायचा, दरवर्षी त्यावर नवा मुरूम पडायचा, धूळ अशी उडायची की बांधावरच्या लोकांना गाड्या दिसायच्या नाहीत. माझ्या तुकड्यातलं वळण सगळ्यात जास्त टिकलं, कारण तळाला आबांचं काम होतं, पण वर ओतलेल्या सैल मुरमानं तेही घसरडं झालं. लोक यायचे कमी झाले. मधली काही वर्षं तर तिथं आमच्याच भावाची मेंढरं बसायची. मला बरं वाटायचं. म्हटलं, आयत्या बिळावरचा नागोबा उपाशी मरतोय.

पण मोबाईल आले आणि त्याचं नशीब परत फिरलं. गाड्या घसरवण्याचे, धुरळा उडवण्याचे व्हिडिओ लोकांना आवडायला लागले. पुण्याकडची, कोल्हापूरकडची हौशी मंडळी जागा शोधत होती. अध्यक्ष आता म्हातारा झाला होता, गुडघ्यात वाकलेला, पण हौस गेली नव्हती. त्यानं मोठ्या शर्यती ठरवल्या, चौकाचौकात फलक लावले. फलकावर त्याचा फोटो आणि खाली लिहिलेलं, संस्थापक. सात रस्त्याचा फलक माझ्या दुकानासमोरच होता. रोज शटर उघडलं की तो माझ्याकडं बघून हसायचा.

शर्यतींच्या आधी गाडीवाले चाचणीला आले. दोन गाड्या वळणावर घसरल्या, एक ओढ्यात गेली. ते म्हणाले, हे वळण नीट केल्याशिवाय आम्ही उतरत नाही. रोलर फिरवून झाला, काही फरक पडेना. शेवटी कुणा जुन्या माणसाला मेंढरं आठवली. भावाकडं निरोप गेला. भाऊ म्हणाला, जागा अक्काची हाय, तिला इचारा. असा तो माझ्या दुकानात आला.

मी रिक्षाचं सीट शिवत होते. तो स्टुलावर बसला, गुडघा चोळला. "ओळखलं का ताई?"

"विसरले असते तर ओळखावं लागलं असतं."

"जुनं काय काय मनात ठेवता तुमी. तुमचे वडील लई सज्जन व्हते. मेंढरं द्या दोन दिवस. माझी अब्रू तुमच्या हातात हाय."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. मी मशीन थांबवलं आणि माझ्या अटी सांगितल्या. मेंढरं दोन दिवस भाऊ फिरवेल, पण शेवटची फेरी सगळ्या लोकांसमोर तुम्ही स्वतः मारायची, हातात काठी घेऊन, मेंढरांच्या मागं. आणि नंतर भोंग्यावरून आबांचं नाव घेऊन सांगायचं, की हा ट्रॅक त्यांनी बसवला. मला वाटलं तो उठून जाईल. तो हसला. "एवढंच की? करतो," म्हणाला. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती, पण आनंदानं माझी मती गेली होती.

भाऊ मला म्हणाला, "अक्का, म्हाताऱ्या मानसाला कशापायी फिरवतीस? झालं गेलं गंगेला मिळालं."

"तुझं मिळालं आसंल," मी म्हटलं. "माझं अजून हितंच हाय."

शर्यतीच्या दिवशी माणूस मावत नव्हतं. अध्यक्ष पांढरेशुभ्र कपडे घालून आला. मी घरून आबांची काठी नेली होती, ती त्याच्या हातात दिली. त्यानं चपला काढल्या, विजार दुमडली आणि ओल्या मुरमात उतरला. मेंढरं त्याला बुजली, चारी दिशांना पांगली. तो "ह्यॅ ह्यॅ" करत काठी हलवायला लागला तशी लोकांत खसखस पिकली. पाय घसरला, एका हातावर पडला, पांढऱ्या कपड्यांवर चिखल आणि लेंड्या. लोक मोठ्यानं हसले. मी दोरीला धरून उभी होते आणि मला इतकं सुख झालं की अंगावर काटा आला. अर्धी फेरी मी मनसोक्त जगून घेतली. ओढ्याकडून तो परत फिरला तेव्हा मात्र हसण्याचा आवाज बदलला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. शिट्ट्या सुरू झाल्या. हजार मोबाईल वर झाले. एवढा मोठा माणूस चिखलात मेंढरं हाकतोय म्हणून लोकांचे डोळे भरून येत होते. तो फेरी संपवून मंडपात चढला, तसाच चिखलानं भरलेला, आणि त्यानं माईक घेतला.

"हितं पहिल्या दिवशी काय व्हतं? नुसती माती," तो म्हणाला. "लोक म्हणायचे रोलर आणा. मी म्हटलं, रोलर कशाला, आपली मेंढरं हायेत की. अशीच काठी हातात घिऊन ह्याच मातीत मी पहिली फेरी मारली व्हती. आज परत मारली. मातीला इसरायचं न्हाय." मग थोडं थांबून म्हणाला, "त्या वक्ती मेंढरं देणारे एक आबा व्हते, त्यांची पण आठवण येतीया." नाव नाही. मेंढरं देणारे एक आबा. बाकी टाळ्यांत बुडून गेलं.

काठी मला परत मिळाली तेव्हा तिच्यावर त्याच्या हाताचा चिखल होता. मी ती घरी आणून तीनदा धुतली. दुसऱ्या दिवशी एक रिक्षावाला दुकानात आला आणि मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाला, "अक्का, बघा की, ह्याला म्हणतात मोठेपण." व्हिडिओत तो मेंढरांमागं चालत होता. मी त्या रिक्षावाल्याचं सीट शिवून दिलं, आणि शिवता शिवता ठरवून टाकलं.

आठवड्यानं मी अक्कलकोटकडचा एक ट्रॅक्टरवाला बोलावला, मुद्दाम लांबचा. भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आबांनी शबुद दिला व्हता, अक्का."

"आबांनी दिला व्हता. मी न्हाय दिला."

नांगर लावला तर तो मातीत शिरेचना. वरचा सैल मुरूम उडून गेला आणि खाली फाळ नुसता घसरत गेला, पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा आवाज करत. ट्रॅक्टरवाला खाली उतरून बघायला आला. "बेडा अक्का," तो म्हणाला, म्हणजे नको. "फाळ मोडंल. दगुड हाय खाली." मी म्हटलं, दगड नाही, माती आहे, मोडला तर नवा घेऊन देते, तू घाल. दुसऱ्या खेपेला चर पडला. तिसऱ्या खेपेला माती उपटून वर आली, जाड जाड खापऱ्या, आणि त्यांच्या काठाला खुरांचे बारीक थर दिसत होते. मला रडू आलं. आबांचं सगळं काम मी माझ्या पैशानं उपटून काढत होते, आणि तरीही मला थांबावंसं वाटत नव्हतं. ज्याचं श्रेय चोरता येतं ते मला शिल्लकच ठेवायचं नव्हतं.

कुणीतरी त्याला कळवलं. तासाभरात गाडी आली. तो लंगडत आला, लाल झाला होता. पोलिसात देतो, कोर्टात खेचतो, सगळं म्हणून झालं. मी म्हटलं, सातबारा काढून बघा, कुणाच्या नावावर आहे. त्याला ते माहीत असावं. नांगरलेल्या चरांकडं बघत राहिला. हे वळण गेलं म्हणजे गोल गेला, आणि गोल गेला म्हणजे काहीच उरत नाही, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. मग तो खाली बसला, एक खापरी हातात घेतली, अंगठ्यानं दाबून बघितली, आणि त्याचा आवाज एकदम बदलला.

"अगं, तुझ्या बापानं जीव वतून बसवलेला ट्रॅक ह्यो," तो म्हणाला. "पाय सुजूस्तवर फिरलेला मानूस. त्याच्या हातचं मोडलंस? लाज न्हाय वाटत तुला?"

मी ट्रॅक्टर थांबवायला सांगितला. इंजिन बंद झालं. माळावर आम्ही तिघंच होतो, तो, मी आणि तो परका ट्रॅक्टरवाला.

"काय म्हणालात?"

त्यानं खापरी या हातातून त्या हातात घेतली.

"परत म्हणा. मोठ्यानं म्हणा."

त्यानं ट्रॅक्टरवाल्याकडं बघितलं, मग रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडं. खापरी खाली टाकली, हात झटकले आणि गुडघ्यावर जोर देत उठला. "मी काय म्हणालो न्हाय," तो म्हणाला.

मी ट्रॅक्टरवाल्याला हात केला आणि म्हटलं, राहिलेलंही काढ.